नेइदेचे नऊ ठोके

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या मराठी मंडळात मी बरीच वर्षं आहे आणि तितकीच वर्षं लोक मला विचारतात, "ताई, तुम्ही आयटीत ना?" नाही म्हटलं की समोरचा जरा गोंधळतो. "मग फार्मा कंपनीत?" तेही नाही. सिनेमाच्या आवाजातला कचरा काढायचं काम करत होते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "अय्या, मग कुठल्या हिरोला भेटलात?" कोणालाच नाही. हिरोंच्या पोटातले आवाज मात्र पुष्कळ ऐकलेत. जेवणाच्या सुट्टीआधीच्या शॉटमध्ये भल्याभल्यांची पोटं गुरगुरतात. ती गुरगुर काढून टाकायची, हा माझा धंदा.

यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादक काकूंनी फोनवर दमच भरला. "तू रिटायर झालीस, आता बिझी आहे म्हणायचं नाही. लिही." म्हणून बसले आहे. खरं तर बसवत नाही. हे पहिलं पान लिहिताना दोनदा उठले. एकदा वरच्या मजल्यावर कुठला तरी चार्जर चिरचिरत होता तो काढायला आणि एकदा शेजाऱ्यांचं लॉनमोवर बंद झालं का ते बघायला. तीस वर्षं कानाला नोकरीला लावलं, आता तो रिटायर व्हायला तयार नाही.

काम थोडक्यात सांगते. शूटिंगच्या वेळी नटाच्या डोक्यावर काठीला लावलेला एक माइक असतो आणि शर्टाच्या आत चिकटवलेला दुसरा. माइकला अक्कल नसते. संवादाबरोबर तो विमान, जनरेटर, शर्टाची घासघीस, शेजारणीचा कुकर, सगळं गोळा करून आणतो. मग ते माझ्यासारखीच्या टेबलावर येतं. कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र दिसतं. पंख्याची घरघर आडव्या पट्ट्यासारखी दिसते. दार आपटलं की उभी रेघ येते. माणसाचं बोलणं एकावर एक ठेवलेल्या लाटांसारखं. मी त्यातून नको ते पुसून टाकायची. काम चांगलं झालं की ते झालंय हे कोणाला कळतच नाही, त्यामुळे शाबासकीचा प्रश्न नव्हता. तक्रार आली नाही की मी ती शाबासकी धरायची.

आणि हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगणार. उत्तर नागपूरच्या एका वस्तीतली मी. वडील लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, एक सायकल, एवढंच दुकान. चौदा एप्रिलला आमच्या घरी सणापेक्षा घाई जास्त. आमच्या घरात कॉलेजात पाय ठेवणारी मी पहिली, इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनियर झालेली गल्लीतली पहिली. ज्यांच्या घरी चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना ही फुशारकी वाटेल. वाटू दे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. एक ध्यानगुरू होते, शांततेवर दहा धडे रेकॉर्ड करून घेऊन आले. धड्यांच्या मागे सबंध वेळ घुंऽऽ आवाज. मी म्हटलं, "हा तुमच्या फ्रिजचा आवाज आहे."

ते हसले, फार प्रेमानं. "माय डियर, ती विश्वाची स्पंदनं आहेत."

"मग विश्व दर बारा मिनिटांनी बंद पडून परत सुरू होतं का?"

डोळे मिटून ते बराच वेळ बसले. मला वाटलं समाधी लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "काढून टाका."

अशा गमती खूप आहेत. पण त्या सांगून झाल्या की मंडळी हसतात आणि मी घरी जाते, आणि जे सांगितलं नाही ते डोक्यात फिरत राहतं. ते एका ब्राझीलच्या सिनेमाचं आहे. तिथे मी चूक केली, आणि ती चूक अमेरिकेतल्या दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याला माफ केलं असतं. मला नाही.

आमचा स्टुडिओ जर्सी सिटीत, एका जुन्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर. मालक डेव्ह, भला माणूस, पण घड्याळाला बांधलेला. त्याच्याकडे दालवा आली. रेसिफे शहराजवळची, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच बुटकी, बोलताना सारखी उभी राहणारी. तिनं चार वर्षं खपून एक सिनेमा केला होता. टेकडीवरची एक वस्ती. बिल्डरला टेकडी हवी आहे. त्याची माणसं बंदुका आणि बुलडोझर घेऊन येतात, वस्ती त्यांना अडवते. पत्र्यांवरून पळापळी आहे, मारामाऱ्या आहेत, एक ट्रक उलटतो. ट्रक एकच होता म्हणून एकदाच उलटवला, असं ती सांगायची. तीन नट धंदेवाईक, बाकी सगळी त्या खऱ्या टेकडीवरचीच माणसं. आणि ती टेकडी खरोखरच कोर्टात अडकलेली.

न्यूयॉर्कच्या एका कंपनीनं सिनेमा अमेरिकेत दाखवायचं कबूल केलं होतं. पण अट अशी की आधी तांत्रिक तपासणीत पास व्हायला हवा. तपासनीस म्हणजे एक माणूस, जो पूर्ण सिनेमा ऐकून दोषांची यादी करतो. पहिल्याच तपासणीत दालवाच्या हातात चौदा पानांची यादी आली. कुत्र्याचं भुंकणं. कुकर. खोकला. रेडिओची खरखर. दूरवर धातूचे ठोके. तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारपर्यंत दोष काढून द्या, नाहीतर करार रद्द. दुसऱ्या कुठल्या कंपनीनं तिला विचारलेलंही नव्हतं.

डेव्हनं ती यादी माझ्यासमोर ठेवली. "वंदना, दिस इज युअर काइंड ऑफ मेस."

मला अशा कामांची खुमखुमीच होती. आता माझी एक पद्धत सांगते, कारण सगळं त्यातच आहे. मी चित्र बंद करून काम करायची. सिनेमा कधी बघायचीच नाही. सीन उलटसुलट क्रमानं घ्यायची, सगळ्यांत खराब आधी. गोष्ट कळली की कान गोष्टीमागे जातो आणि आवाजावरचं लक्ष उडतं, असं मी नव्या लोकांना शिकवायची. पोर्तुगीज मला येत नाही, तेही बरंच झालं म्हणायची. संवाद तेवढा ठेवायचा, बाकी सगळं साफ.

अडीच आठवडे मी मान वर केली नाही. कुत्रा काढला. कुकरच्या शिट्ट्या काढल्या. ठोके काढणं सगळ्यांत सोपं होतं. स्वच्छ उभी रेघ, पुसली की गेली. नऊ ठिकाणी होते. जवळपास कुठे बांधकाम चालू असणार, असं वाटलं. एवढ्या गजबजाटात शूटिंग केलंच कशाला, असंही वाटलं. मंगळवारी सकाळी मी डेव्हला म्हटलं, "माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत स्वच्छ काम आहे." आणि ते खरं होतं.

त्याच सकाळी दालवाला बोलावून आम्ही तिघांनी सिनेमा पाहिला. मी चित्रासकट पहिल्यांदाच बघत होते. दालवाच्या मांडीवर वही होती, तिच्यात काही लिहीना. तासाभरानं तो मोठा सीन आला. टेकडीच्या पायथ्याशी बुलडोझर येतो आणि वर घराघरांतून माणसं एकदम बाहेर पडतात. हातात सळया, फळ्या, एका बाईच्या हातात तर मोठा झारा. मी मनात म्हटलं, अरे, पण यांना कळलं कसं? वरून रस्ता दिसत नाही, कोणी सांगायला आलं नाही. दिग्दर्शनात गडबड आहे. बघा माझा माज. दिग्दर्शिका शेजारी बसलेली आणि मी तिचे दोष काढते आहे.

दालवानं हात वर केला. डेव्हनं सिनेमा थांबवला.

"नेइदे कुठे आहे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "या नावाचं कोणी दिसलं नाही मला."

"दिसणार नाहीच. ती सिनेमात दिसत नाही. कुठे आहे ती?"

मला काही कळेना. डेव्हनं माझ्याकडे पाहिलं. दालवा उठून उभी राहिली आणि माझ्या टेबलावरच्या स्टीलच्या बाटलीवर पेन आपटलं. तीन वेळा. थांबली. परत तीन वेळा.

"ही नेइदे. टेकडीच्या पायथ्याचं पहिलं घर तिचं. दाराशी रिकामं गॅस सिलिंडर टांगलंय. रस्त्यावर काही वाईट दिसलं की ती सळईनं वाजवते. वरच्या घराला ऐकू जातं, ते पुढे वाजवतं. मी तिला म्हटलं, सिनेमात ये. ती म्हणाली, म्हातारपणी तोंड कशाला दाखवू, मी आपली वाजवीन. नऊ वेळा वाजवलंय तिनं. सिनेमाभर, हळूच, लांबून. मोठ्या सीनपर्यंत बघणाऱ्याला तो ठोका ओळखता आला पाहिजे. तो आला की खुर्चीतल्या माणसानं दाराकडे बघायला हवं." ती परत खाली बसली. "सगळ्यांच्या आधी तिचं घर पडणार आहे, वांदाना. आणि सगळ्यांच्या आधी तूच तिला काढलंस."

डेव्ह म्हणाला, "पण यादीत दोष म्हणून लिहिलंय ते."

"यादी करणारा टेकडीवर राहत नाही," दालवा म्हणाली. हे ती डेव्हला म्हणाली, पण मी खाली बघितलं.

कारण मला हे कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्या गल्लीत लोखंडी विजेचे खांब होते. महानगरपालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी मोठ्या रस्त्याला दिसली की पहिल्या खांबावर कोणीतरी दगड घालायचं. टण टण टण. मग पुढचा खांब, मग पुढचा. गाडी वळेपर्यंत अख्खी वस्ती बाहेर. हे ऐकत मी अठरा वर्षांची झाले. आणि तोच आवाज नऊ वेळा माझ्या कानात आला, मी त्याला बांधकाम म्हटलं आणि पुसला.

डेव्हनं लगेच एक तोडगा काढला. यादीतले ठोके कच्चे वाटतात, लांबचे, धूसर, म्हणून दोष ठरतात. त्याऐवजी आमच्या आवाजांच्या साठ्यातला एक स्वच्छ घणघणीत ठोका घालू. मुद्दाम घातलेला आहे हे तपासणाऱ्याला कळेल, दोष म्हणणार नाही. मला ते पटलं. आमच्याकडे शाळेच्या घंटा होत्या, जहाजाच्या होत्या, लोहाराच्या ऐरणी होत्या. दुपारपर्यंत एक चांगला शोधला, नऊ ठिकाणी बसवला, दालवाला ऐकवला.

तिनं नीट ऐकलं. अगदी सभ्यपणे विचारलं, "छान आहे. कोणाचा आहे?"

मी तो फोल्डर बंद केला.

खोटं कशाला बोलू, मला तिचा रागही आला होता. इकडे करार जाईल, चार वर्षं पाण्यात जातील, आणि ही एका म्हातारीच्या सिलिंडरवर अडून बसली आहे. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "बाकीचं सगळं घे. कुकर घे, खोकला घे. कुत्राही ने, तो तसा बिल्डरच्या वॉचमनचाच होता. नेइदे दे."

बुधवारी सकाळी कामावर जायच्या आधी मी नागपूरला भावाला फोन लावला. दिलीप अजून त्याच वस्तीत राहतो, आता पक्क्या घरात.

"दिलीप, आपल्या इथं खांब कोण वाजवायचं रे?"

"का वं? हे काय सकाळी सकाळी काढून राहिली?"

"सांग ना."

"कोण म्हणजे, कमलाआत्या! कोपऱ्यावरचं घर तिचंच होतं ना. दगड ठेवून राहायची दाराशी." मग तो हसायला लागला. "पण तुले कसं माहीत राहीन? तू तर कानात कापूस कोंबून बसायची."

"मी?"

"मग काय मी? बारावीले होती तू. त्या दिवशी गाडी आली, सारे बाहेर, पत्रे निघून राहिले, अन् तू आत पुस्तक घेऊन. माय ओरडून ओरडून थकली. शेवटी दंड धरून ओढत आणलं तुले. कान मोकळे केले तर म्हणते, काय झालं?" तो हसत होता. त्याच्यासाठी तो घरातला जुना विनोद होता. "बोर्डात नंबर काढून राहिली होती ना बाई आमची."

मला आठवत होतं. दंड आठवत होता, कापूस आठवत नव्हता. मी फोन ठेवला आणि गाडी काढली. टर्नपाइक हायवेवर रेडिओ लावला नाही. त्या वस्तीत कापसाशिवाय अभ्यास झालाच नसता, हे मी आजही म्हणेन. त्याची लाज नाही मला. पण कापूस काढून ठेवायचा एक दिवस असतो, आणि तो दिवस कधी येऊन गेला हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर ऐकू आलं नसेल.

काम संपेपर्यंत मूळ फाइली मी कधीच टाकत नाही, म्हणून नेइदे सापडली. पण ठोके संवादांत गुंतलेले होते. एका ठिकाणी आई मुलीला ओरडते आहे आणि तिच्या दोन शब्दांच्या मधे ठोका. आधी मी सरसकट पुसलं होतं, आता सुईनं एकेक टाका उसवावा तसं संवादाच्या आजूबाजूचा गोंगाट काढून ठोका तेवढा जागेवर ठेवायचा होता. बुधवार गेला, गुरुवारची सकाळ गेली. या वेळी चित्र लावलं होतं. सिनेमा सुरुवातीपासून लावला, क्रमानं. ठोका आला की मी दर वेळी दाराकडे बघायची. पाठीला रग लागली, बसवेना, उभ्यानंच काम केलं. दालवा मागच्या खुर्चीवर. एकदा म्हणाली, "तू पण उभी राहून काम करतेस?" मी म्हटलं, "आजपासून."

गुरुवारी दुपारी फॉर्म भरायचा होता. सिनेमात एखादा आवाज दोषासारखा वाटला पण मुद्दाम ठेवलेला असेल, तर तसा अर्ज करता येतो. कुठे आहे, का आहे, आणि जबाबदार तंत्रज्ञाची सही. एका सिनेमात असे एक-दोन असतात. आमचे नऊ.

डेव्हनं कागद बघितला. "नऊ? त्यांना वाटेल आम्ही काम टाळतोय."

"वाटू दे."

"वंदना, मी सरळ सांगतो. हा सिनेमा नापास होऊन परत आला तर ती कंपनी आम्हाला पुन्हा काम देणार नाही. आणि पुढचा सिनेमा मी तुझ्या टेबलावर ठेवणार नाही."

"सही माझी आहे ना? तुझी नाही."

"स्टुडिओ माझा आहे."

तो बरोबर बोलत होता. त्यानं कागद परत माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "पाठव." आणि लंच आणायला खाली गेला.

फॉर्मवर शेरा लिहायला एक रकाना असतो. तिथे सगळे एकच वाक्य टाकतात, दिग्दर्शकाच्या इच्छेनुसार. मी आठ ठिकाणी तेच टाकलं. पहिल्या ठोक्यापुढे मात्र लिहिलं, "कृपया हा सिनेमा सुरुवातीपासून, चित्रासकट, न थांबता बघा. मी तसा बघितला नव्हता, म्हणून हे आवाज मी चुकून काढले होते." आमच्या धंद्यात चूक लेखी कोणी कबूल करत नाही. कबूल केलेली चूक पुढे दहा वर्षं तुमच्यामागे हिंडते. मी सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. अमेरिकेत तेवढं लिहायची गरज नसते.

शुक्रवारी सकाळी स्टुडिओत कोणी धड काम केलं नाही. दालवा आली, जिन्यात उभी राहिली. वर ये म्हटलं तर नको म्हणाली. मी चार वेळा कॉफी केली आणि एकही प्यायले नाही. खालून गाड्या जात होत्या, त्यांचे आवाज मी मनातल्या मनात पुसत होते, सवयीनं. बाराच्या सुमाराला डेव्हनं हाक मारली.

रिपोर्ट दोन पानी होता. चौथ्यापासून नवव्या ठोक्यापर्यंत सगळे मंजूर. पहिल्या तिन्हींसमोर आधी दोष लिहिलेलं, ते खोडून मंजूर केलेलं. पुढे तपासनिसाचा शेरा होता. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. त्यानं लिहिलं होतं: "पहिल्या तिन्हींना दोष दिला होता. चौथ्याला पोचल्यावर परत मागे जाऊन खोडला."

मी जिन्यात जाऊन दालवाला ते वाचून दाखवलं. तिनं मला मिठी मारली नाही, उड्या मारल्या नाहीत. "चौथ्याला?" म्हणाली. "मला वाटलं होतं तिसऱ्याला कळेल." आणि मग जिन्यावर बसून रडली. मला कोणाच्या रडण्याशेजारी काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी तिची वही धरून उभी राहिले.

सिनेमा मोजक्या थिएटरांत आठवडाभर लागला, मग एका कोपऱ्यात ऑनलाइन गेला. गाजला वगैरे नाही. करार पाळला गेला तरी त्या कंपनीनं आम्हाला परत काम दिलं नाही. नऊ अर्ज करणारा स्टुडिओ त्यांना नको होता. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, म्हणून डेव्हनं वर्षभर माझ्या टेबलावर सिनेमा ठेवला नाही. विमा कंपन्यांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ ठेवले. शिडीवर कसं चढावं, ओझं उचलताना कसं वाकावं. मी तेही चित्रासकट, सुरुवातीपासून बघितले. नव्या लोकांना शिकवायची माझी ती जुनी पद्धत मी बंद केली, आणि का बंद केली हे प्रत्येकाला सांगितलं. दोघातिघांना ते बाईचं खूळ वाटलं. शिवाय माझा वेग कमी झाला. डेव्हनं त्यावरून दोन वेळा बोलून दाखवलं. ते त्याचं बरोबरच होतं.

एक मात्र टोचतं. आधीची वीसेक वर्षं मी असंच पुसत आले. किती सिनेमांतून काय काय गेलं असेल, ते सांगायला प्रत्येकाबरोबर एक दालवा नव्हती. त्या फाइली आता कोणाकडे नाहीत. त्याची यादी होऊ शकत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी दालवानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. तिनं टेकडीवर सिनेमा दाखवला होता. कोर्टाचा निकाल अजून लागला नव्हता, घरं उभी होती. संध्याकाळी एका घराच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पोरं मांडीवर, मागे पायऱ्यांवर दाटी. आपापले चेहरे भिंतीवर दिसले की आरोळ्या, शिट्ट्या. मग नेइदेचा पहिला ठोका आला. लांबचा, धूसर, मी उसवून ठेवलेला तसाच. शिट्ट्या थांबल्या.

परत ठोका आला तेव्हा मागच्या पायऱ्या रिकाम्या व्हायला लागल्या. पुढच्याला खुर्च्या उलटल्या. एकानं सिनेमातलीच वाटावी अशी सळई कुठून तरी काढली, बायकांनी पोरं कडेवर घेतली आणि निम्मी वस्ती खालच्या रस्त्याकडे धावत सुटली. दालवाचा फोनही त्यांच्यामागे धावला, नुसता अंधूक रस्ता आणि पायांचे आवाज. खाली रस्ता रिकामा होता. कोणीच आलेलं नव्हतं. मग कोणीतरी हसलं, मग सगळेच, एकमेकांना शिव्या घालत चढ चढून परत आले. प्रोजेक्टर कोणी थांबवलेला नव्हता.

आणि भिंतीसमोर पहिल्या ओळीत एक बारकीशी म्हातारी एकटी बसलेली होती. ती जागची उठलीच नव्हती. खालून येणाऱ्यांकडे वळून हातवारे करून ओरडत होती. दालवानं व्हिडिओखाली त्याचं इंग्रजी लिहून पाठवलं होतं:

"अरे बसा, बसा! मीच वाजवतेय!"